व्यायामयंत्राचे पेटंट: परीक्षक नेमके काय तपासतो?

पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या पायांना हालचाल देणारे, मोटरने पॅडल फिरवणारे यंत्र आता फिजिओथेरपीच्या अनेक दवाखान्यांत दिसते. रुग्ण खुर्चीत बसतो, पावले पट्ट्यांनी पॅडलला बांधली जातात आणि मोटर पाय फिरवू लागते. रुग्णाने स्वतः जोर लावला की काही यंत्रांत मोटर आपला जोर कमी करते. स्नायू एकाएकी आखडले तर ती थांबते किंवा उलट दिशेने फिरते. अशा यंत्रात कोणी सुधारणा केली आणि तिच्यावर पेटंट मागितले, तर पेटंट कार्यालय त्या अर्जाची छाननी करते. या छाननीला पेटंट परीक्षण म्हणतात.

पेटंट कार्यालयात यंत्र चालवून पाहतात, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात परीक्षकासमोर सहसा यंत्र नसतेच, कागद असतात. किती रुग्णांना गुण आला, हाही त्याचा मुख्य प्रश्न नसतो. अर्जात यंत्राचे सविस्तर वर्णन आणि आकृत्या असतात आणि शेवटी क्रमांक घातलेली काही वाक्ये असतात. या वाक्यांना दावे म्हणतात. पेटंटचा हक्क नेमका कुठवर पोचतो, ते हे दावे ठरवतात. शेतजमिनीच्या मोजणीत हद्दीचे दगड जे काम करतात, तेच इथे शब्द करतात. त्यामुळे परीक्षणातला सगळा झगडा या शब्दांवर होतो.

अर्ज ते अहवाल

भारतात हे काम पेटंट अधिनियम, १९७० नुसार चालते. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी मुंबईचे कार्यालय आहे. अर्ज तिथे दाखल झाला तरी परीक्षक दुसऱ्या शहरातला असू शकतो. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा शिक्षणसंस्थेला ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीसाठी ४,००० रुपये शुल्क पडते. ही विनंती वेगळी करावी लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार तिची मुदत ३१ महिने आहे, पूर्वी ती ४८ महिने होती. मुदत चुकली तर अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते.

साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. मग परीक्षक जुनी पेटंटे, शोधनिबंध, उत्पादनांची माहितीपत्रके धुंडाळतो आणि आक्षेपांचा पहिला अहवाल तयार होतो. त्याला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात, मागितल्यास आणखी तीन. पहिल्या अहवालात आक्षेप नाहीत असे क्वचितच घडते. तो हाती पडल्यावर नवखा अर्जदार हबकतो, पण अहवाल म्हणजे नकार नव्हे. वाटाघाटीची ती सुरुवात असते.

जुने यंत्र आडवे येते

पहिला आक्षेप नावीन्याचा. दाव्यातल्या सगळ्या गोष्टी आधीच्या एखाद्या एकाच कागदात किंवा एकाच यंत्रात सापडल्या, तर दावा तिथेच पडतो. हा आधीचा पुरावा कोणत्या देशातला, कोणत्या भाषेतला किंवा किती जुना असावा, याला मर्यादा नाही.

व्यायामयंत्रांच्या बाबतीत ही गोष्ट जड जाते, कारण यंत्राने शरीर हलवण्याची कल्पना फार जुनी आहे. स्वीडनमधले डॉक्टर गुस्ताफ झांडर यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोम इथे यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था उघडली. हातपाय, पाठ, पोट अशा एकेका अवयवासाठी त्यांनी वेगवेगळी यंत्रे बनवली होती. काहींना रुग्ण स्वतः हलवत असे, काही वाफेच्या शक्तीवर चालत आणि रुग्णाला हलवत. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती मांडली गेली होती. पुढे १९७० च्या दशकात टोरांटोचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट साल्टर यांनी प्लास्टरमध्ये सांधा जखडून ठेवण्याऐवजी तो सतत हळूहळू हलता ठेवावा, असे मांडले. त्यातून शस्त्रक्रियेनंतर गुडघा मोटरने वाकवणारी-सरळ करणारी यंत्रे आली. आज ‘मोटरने अवयव हलवणारे यंत्र’ एवढाच दावा कोणी केला, तर परीक्षकाला फार शोधावे लागत नाही.

सुटे भाग जुने, जोड नवी

खरी कसोटी दुसऱ्या आक्षेपात लागते. मोटर जुनी, पॅडल जुने, जोर मोजणारा संवेदक जुना, पडदा जुना. तरी हे सगळे याच रीतीने एकत्र आणण्याचे आजवर कोणाला सुचले नव्हते, असे अर्जदार म्हणतो. त्यावर कायदा विचारतो: त्या क्षेत्रातल्या साधारण जाणकाराला हे सहज सुचले असते का? इथे परीक्षक दोन-तीन जुने कागद शेजारी शेजारी ठेवू शकतो. एकात मोटरचे पॅडल, दुसऱ्यात सायकलपटूंसाठी पॅडलवरचा संवेदक. दोन्ही जोडण्याचे कारण जाणकाराला दिसत असेल, तर ती जोड म्हणजे शोध नाही. कलम ३(फ) याच्या जवळचेच आहे: आपापले काम स्वतंत्रपणे आणि माहीत असलेल्या रीतीनेच करणारी जुनी साधने नुसती एकत्र मांडली, तर त्याला शोध म्हणत नाहीत. व्यायामयंत्राच्या दांड्यावर रेडिओ बसवला, तर रेडिओ गाणी वाजवतो आणि यंत्र पाय फिरवते. एकाचा दुसऱ्याशी संबंध येत नाही.

भारतात या प्रश्नावरचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा निकाल व्यायामयंत्राचा नाही, भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजने लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट १९५१ पासून घेतले होते. त्यामुळे काम सुरक्षित आणि जलद होते, असे त्यांचे म्हणणे होते. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या व्यापारी पेढीशी वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ मध्ये न्यायालयाने पेटंट टिकत नसल्याचे सांगितले. साधन उपयोगी नव्हते असे नाही. पण जुन्या भागांची जोड पेटंटला पात्र ठरायची तर ती कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेपलीकडे गेली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने घालून दिले. चांगला फिटर कामाच्या ओघात जे करील, त्यावर वीस वर्षांची मक्तेदारी देता येत नाही.

उपचार आणि यंत्र यांतली रेघ

आरोग्याशी संबंधित अर्जांत एक आक्षेप हमखास येतो. कलम ३(आय) प्रमाणे माणसावर उपचार करण्याच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही. डॉक्टरने रुग्णावर उपचार करताना कोणाची परवानगी शोधू नये, हा त्यामागचा विचार आहे. उपचाराच्या यंत्राला मात्र पेटंट मिळू शकते.

ही रेघ कुठे पडते, ते एका खऱ्या संशोधनावरून स्पष्ट होते. अमेरिकेतले संशोधक जे अल्बर्ट्स २००३ मध्ये पार्किन्सन्स झालेल्या एका मैत्रिणीबरोबर दोन जणांच्या सायकलवरून आयोवा राज्य पार करत होते. पुढे बसलेल्या अल्बर्ट्स यांचा वेग जास्त, त्यामुळे तिलाही जास्त वेगाने पॅडल मारावे लागे. प्रवासात तिची लक्षणे सुधारल्याचे दिसले, हस्ताक्षरसुद्धा. पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहानशा अभ्यासात रुग्णांना त्यांच्या स्वतःच्या वेगापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त वेगाने पॅडल मारायला लावले होते. आता ‘पार्किन्सन्सच्या रुग्णाला त्याच्या वेगापेक्षा ३० टक्के जलद पॅडल मारायला लावण्याची पद्धत’ असा दावा भारतात केला, तर तो उपचाराच्या पद्धतीत अडकेल. जुनेच यंत्र घेऊन ‘याचा पार्किन्सन्ससाठी वापर’ म्हटले, तर माहीत असलेल्या यंत्राचा नुसता वापर म्हणून कलम ३(ड) आडवे येईल. रुग्णाचा स्वतःचा वेग आधी मोजणारी आणि त्यावरून मोटरचा वेग ठरवणारी यंत्ररचना मात्र दाव्यात मांडता येते. ती नवी आहे का, हा पुढचा प्रश्न. वेग ठरवण्याचे नुसते गणित किंवा संगणक प्रोग्रॅम मांडला, तर कलम ३(के) चा आक्षेप निघतो. अमेरिकेत उपचारपद्धतीवर पेटंट मिळू शकते, युरोपात नाही. त्यामुळे एकाच यंत्राचे दावे देशोदेशी वेगळे लिहावे लागतात.

शब्दांची ओढाताण

समजा, नाशिकच्या एका अभियंत्याने पक्षाघाताच्या रुग्णांसाठी पॅडल-यंत्र बनवले आणि पहिला दावा असा लिहिला: ‘पायांना व्यायाम देणारे यंत्र, ज्यात मोटर, तिने फिरणारी दोन पॅडल, पायाचा जोर मोजणारा संवेदक आणि रुग्णाच्या गरजेनुसार मोटरची मदत बदलणारा नियंत्रक आहे.’ हे उदाहरण कल्पित आहे, पण पहिले दावे साधारण असेच ऐसपैस असतात.

अहवालात दोन बोटे ठेवली जातील. हे सगळे जुन्या यंत्रांत आहे, हे एक. दुसरे, ‘रुग्णाच्या गरजेनुसार’ म्हणजे काय? ती कोण ठरवणार, किती बदल झाला की दाव्यात बसणार?

अशा एका मोघम शब्दावर अमेरिकेत मोठा खटला झाला. बायोसिग कंपनीचे पेटंट व्यायामयंत्राचा दांडा धरताच हृदयाचे ठोके मोजणाऱ्या साधनाचे होते. दांड्यावरच्या विद्युताग्रांमध्ये ‘अंतर राखलेले’ असावे, एवढेच दाव्यात होते. किती, ते नव्हते. नॉटिलस कंपनीने त्यावर बोट ठेवले. २०१४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, दाव्याची व्याप्ती जाणकाराला वाजवी निश्चिततेने कळली पाहिजे, असा कडक निकष सांगितला. गंमत म्हणजे प्रकरण खाली परत गेल्यावर २०१५ मध्ये त्याच दाव्याला त्या निकषावरही अभय मिळाले, कारण बाकीच्या वर्णनावरून ते अंतर जाणकाराला उमगते, असे अपील न्यायालयाचे मत पडले. एका शब्दासाठी एवढे रामायण.

आपला अभियंता मग दावा आवळतो: ‘प्रत्येक पॅडलच्या दांड्यावर स्वतंत्र संवेदक असून, नियंत्रक एका फेरीत दोन्ही पायांच्या जोरातला फरक मोजतो आणि पुढच्या फेरीत कमकुवत पाय पॅडल खाली दाबत असतानाच्या अर्ध्या फेरीपुरतीच मोटरची मदत वाढवतो.’ आता संवेदक, नियंत्रक आणि मोटर एकमेकांवर अवलंबून काम करतात. नुसत्या मांडणीचा आक्षेप दुबळा होतो आणि ‘गरजेनुसार’ हा शब्दही गेला. पण याची किंमत मोजावी लागते. जो स्पर्धक पूर्ण फेरीभर मदत वाढवील, तो या हद्दीबाहेर राहील. किती आवळायचे, हा प्रत्येक अर्जदाराचा खरा पेच असतो: सैल दावा मंजूर होत नाही आणि फार घट्ट दाव्याला बगल देणे सोपे जाते.

आणि आवळायलाही मुळात कापड हवे. कलम ५९ प्रमाणे मूळ अर्जात नसलेली गोष्ट दुरुस्तीत घालता येत नाही. ‘अर्धी फेरी’ ही बाब पहिल्या दिवशीच्या वर्णनात किंवा आकृतीत नसेल, तर ती यंत्रात असूनही अभियंत्याच्या कामाची नाही. म्हणूनच जाणते पेटंट एजंट सुरुवातीलाच कंटाळा येईपर्यंत बारकावे लिहून घेतात.

दाखवले आणि गमावले

लहान संशोधकांचे सर्वांत जास्त नुकसान अर्जाच्या आधीच होते. यंत्र बनले की ते परिषदेत दाखवावे, व्हिडिओ टाकावा, दोन-चार दवाखान्यांना विकावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अर्जापूर्वी यंत्र असे उघड झाले, तर स्वतःचाच व्हिडिओ जुना पुरावा म्हणून समोर येतो. कायद्यात सवलती आहेत, पण अरुंद. केंद्र सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन, विद्वत्‌सभेत वाचलेला निबंध किंवा गरजेपुरती जाहीर चाचणी, यांसाठी बारा महिन्यांची मुभा मिळू शकते. गावच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रदर्शनाला ती आपोआप लागू होत नाही. सोपा मार्ग म्हणजे आधी तात्पुरता अर्ज करून तारीख पकडणे आणि बारा महिन्यांत पूर्ण अर्ज देणे.

निकालानंतर

उत्तराने समाधान झाले नाही, तर सुनावणी होते आणि नियंत्रक निर्णय देतो. मंजुरीपूर्वी कोणीही विरोध नोंदवू शकतो. मंजुरीनंतर वर्षभर हितसंबंधितांना तशी मुभा असते. नकाराविरुद्ध आता उच्च न्यायालयात अपील करावे लागते, कारण त्यासाठीचे स्वतंत्र अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाले. मंजूर पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे टिकते, तेही नूतनीकरणाचे शुल्क भरत राहिल्यास.

दवाखान्यात यंत्र विकत घेताना ‘पेटंटप्राप्त’ ही पट्टी पाहून ते सुरक्षित असल्याची खात्री मानू नये. सुरक्षिततेची तपासणी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली वेगळी होते. पेटंटचा क्रमांक मिळाला, तर पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या अर्जाचे दावे, परीक्षकाचा अहवाल आणि अर्जदाराचे उत्तर सहसा विनामूल्य वाचायला मिळते. जाहिरातीत जे नवे म्हणून मिरवले आहे, त्यातले किती मंजूर दाव्यात उरले, ते तिथे ओळीओळीने दिसते.