आधी राज्य बदललं की कायदा? सोलापूर, अक्कलकोट, तुळजापूर

आजचा विषय जमिनीचे कायदे. ऐकायला रुक्ष वाटेल, पण सोलापूर भागात ज्यांच्या घरात कुळाची जमीन आहे, त्यांना तो अजिबात रुक्ष वाटणार नाही.

१९४७ चा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई प्रांतात. तिथून चाळीसेक किलोमीटरवर अक्कलकोट, म्हणजे भोसल्यांचं संस्थान. दुसऱ्या दिशेला जवळपास तेवढ्याच अंतरावर तुळजापूर, तिथं निजाम. तीन गावं, तीन राज्यं, जमिनीचे तीन कायदे. आणि पुढच्या अडीच वर्षांत तिन्हीकडची सत्ता बदलली. प्रश्न असा, की आधी काय बदललं? राज्य की कायदा?

सोलापूरपासून सुरुवात करू. इथं रयतवारी होती आणि १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा चालत होता. १८ जुलै १९४७ ला ब्रिटिश संसदेनं भारतीय स्वातंत्र्याचा कायदा मंजूर केला. त्याच्या १८ व्या कलमात सोय केलेली होती : चालू कायदे आवश्यक ते फेरफार करून तसेच पुढे चालतील. फेरफारांचा हुकूमही वेळेत निघाला. त्यामुळे १५ ऑगस्टला झेंडा बदलला, पण चावडीतली दप्तरं तीच राहिली. ही सोय नसती तर? सारा कुणी, कुठल्या अधिकारानं वसूल करायचा? कोर्टात पडलेल्या दाव्यांचं काय? जुना कायदा टिकवून ठेवला, म्हणून नवा कायदा करायला सवड मिळाली. कुळांना संरक्षण देणारा मुंबई कूळकायदा १९४८ मध्ये आला.

अक्कलकोटला क्रम वेगळा. ८ मार्च १९४८ ला दख्खनमधल्या इतर संस्थानांबरोबर ते मुंबई प्रांतात विलीन झालं. राजाचं राज्य गेलं, पण विलीन झालेल्या मुलखातल्या जहागिरी लगेच गेल्या नाहीत. त्यांच्यासाठीचा कायदा १९५३ चा आणि तो लागू झाला १ ऑगस्ट १९५४ ला. म्हणजे मधे सहा वर्षं गेली.

आता तुळजापूर, म्हणजे हैदराबाद संस्थान. इथं गोष्ट उलटी आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर कारभार लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी यांच्या हाती आला. निजाम मात्र कागदोपत्री राज्यप्रमुखच होता. १५ ऑगस्ट १९४९ ला चौधरींनी जहागिरी रद्द करणारा विनियम काढला. निजामानं भारताची राज्यघटना स्वीकारणारं फर्मान काढलं नोव्हेंबर १९४९ मध्ये आणि घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. थोडक्यात, जहागिरी आधी गेल्या, घटना नंतर आली.

मग जहागीरदार कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटावा असाच होता : लष्करी गव्हर्नरला कायदे करायचा अधिकार दिला कुणी? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९६० मध्ये निकाल लागला, की निजामानंच फर्मान काढून हा अधिकार चौधरींना दिला होता, म्हणून विनियम वैध. बघा, निजामाच्या सरदारांच्या जहागिरी गेल्या त्या निजामाच्याच अधिकाराच्या बळावर! १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं नववं परिशिष्ट तयार झालं. त्यातल्या पहिल्या तेरा कायद्यांत हा विनियम आहे आणि मुंबईचा १९४८ चा कूळकायदाही आहे.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६६ चा महसूल कायदा सगळ्या राज्याला एकच मिळाला. कूळकायदे मात्र वेगवेगळेच राहिले. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणून तिथं १९४८ चा मुंबईचा कायदा. शेजारच्या तुळजापुरात १९५० चा हैदराबादचा. शिवेअलीकडच्या कुळाचं कलम वेगळं, पलीकडच्या कुळाचं वेगळं. राज्यांच्या सरहद्दी पुसल्या गेल्या, पण सातबाराच्या मागे त्या अजून उभ्या आहेत.

तेव्हा घरातली जुनी कागदपत्रं काढाल, तेव्हा आधी एवढं बघा : ते गाव १९४७ ला कुणाच्या राज्यात होतं? कागदावर हैदराबादचं फसली साल असेल, तर त्यात ५९० मिळवा, इसवी सन जवळपास कळेल. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९, जहागिरी गेल्या तेच साल. वकिलाकडे त्यानंतर जा. भेटू पुढच्या भागात.