राखून केलेल्या उपचाराची कुळकथा

कर्करोगावरच्या ‘अडॅप्टिव्ह थेरपी’चं मूळ शोधत गेलं, तर इस्पितळाच्या आधी कोबीचं शेत लागतं. पानांची चाळण करणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग डीडीटीला दाद देईनासा झाल्याची नोंद जावा बेटावर १९५३ मध्येच झाली. पुढे एकामागून एक कीटकनाशकं त्याने पचवली. फवारा जितका कडक, तितक्या साध्या अळ्या मरत आणि उरलेल्या चिवट अळ्यांना सारं रान मोकळं मिळे. विदर्भातल्या कापूसवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अळी मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाच्या ४५० ग्रॅम बियाण्याबरोबर बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी येई, ती साध्या अळ्या शिल्लक राहाव्यात म्हणूनच. अनेकांनी ती पेरली नाही. २०१७ मध्ये बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने कापसाची धूळधाण केली.

दुसरं मूळ फिलाडेल्फियातलं. पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये रक्ताच्या एका कर्करोगात तोकडं गुणसूत्र दिसलं. रोगी पेशींवर तीच ती खूण, म्हणजे त्या एकाच पेशीचा वंश असणार. १९७६ मध्ये नोवेलने ‘सायन्स’मध्ये हा विचार पुढे नेला: गाठीतल्या पेशी बदलत राहतात आणि त्यांतल्या तगणाऱ्यांचा वंश वाढतो. डार्विनची निवड शरीराच्या आत चालू असते, हे इतकं स्वच्छ सांगितलं गेलं, तरी उपचार मात्र जुन्याच वाटेने चालला: सोसेल तेवढं जास्तीत जास्त औषध.

फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रेडिऑलॉजिस्ट रॉबर्ट गेटनबी यांनी ही दोन मुळं जोडली. औषधाला न जुमानण्याची पेशीला किंमत मोजावी लागते. औषध बाहेर फेकणारे पंप चालवायला ऊर्जा लागते. औषध थांबलं की साध्या पेशी जोर धरतात आणि चिवट पेशींना वाढू देत नाहीत. मग साध्या पेशी सगळ्या मारायच्या कशाला? २००९ मध्ये त्यांच्या गटाने मानवी अंडाशयाच्या कर्करोगाच्या गाठी रुजवलेल्या उंदरांना कार्बोप्लॅटिन गाठीच्या आकारानुसार कमीजास्त दिलं. गाठी आटोक्यात राहिल्या.

नंतर पाळी माणसांची. प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांना ॲबिरॅटेरॉन द्यायचं, रोगाचा जोर दाखवणारं रक्तातलं पीएसए निम्म्यावर आलं की थांबवायचं, मूळ पातळीवर चढलं की पुन्हा सुरू करायचं. औषध लागू पडत असतानाच ते बंद करा म्हणायला डॉक्टरचं काळीज घट्ट लागतं, आणि गाठ अंगात ठेवून जगायला रुग्णाचं त्याहून घट्ट. २०१७ च्या पहिल्या अहवालात ११ जण होते. नेहमीच्या निम्म्याहून कमी औषधात त्यांचं भागलं. २०२२ च्या अहवालात असे १७ आणि नेहमीच्या पद्धतीचे १६ रुग्ण होते. रोग पुन्हा बळावण्याचा मध्यक काळ ३३.५ महिने विरुद्ध १४.३ महिने.

हे आकडे वाचून मन हरखतं, पण माणसं मोजकी होती आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. त्यावर विसंबून कुणीही आपलं औषध स्वतःहून थांबवू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. जिथे कर्करोग बरा होऊ शकतो, तिथे शेवटच्या पेशीपर्यंत पाठलाग करायलाच हवा. ही रीत पुरता न हटणाऱ्या रोगासाठी आहे.

ब्रिटनमधल्या ‘ॲक्टोव्ह’ चाचणीत आता अंडाशयाचा कर्करोग उलटलेल्या स्त्रियांना रक्तातल्या सीए-१२५ या रोगखुणेच्या पातळीनुसार कार्बोप्लॅटिनची मात्रा बदलून देतात. औषध उंदरांना दिलेलंच आहे. गट मात्र या वेळी चिठ्ठ्या टाकून पाडले आहेत.