ऑल्फ्रिस्टनचे क्लर्जी हाउस

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यातील ऑल्फ्रिस्टन गावी, ककमिअर नदीच्या काठी सेंट अँड्र्यू चर्चला लागून असलेले गवताने शाकारलेले जुने घर. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकत घेतलेली ही पहिली इमारत. १८९६ साली तिची किंमत अवघी १० पौंड पडली.

नावाचा अर्थ धर्मगुरूंचे निवासस्थान असा असला, तरी सुमारे सहाशे वर्षांपूर्वीची ही बांधणी सधन शेतकऱ्याच्या घराची आहे. अशा घरांना 'वील्डन' म्हणतात. मध्ये थेट छपरापर्यंत मोकळे दालन आणि दोन्ही अंगांना दुमजली खोल्या. वरचे मजले पुढे झुकलेले, छप्पर मात्र सलग. त्यामुळे मधली भिंत मागे सरल्यासारखी दिसते. सांगाडा ओकच्या लाकडाचा, भिंती कुडाच्या. दालनातील आगटी जमिनीवरच पेटे आणि धुराडे नसल्याने धूर छपरातून वाट काढी. जमीन खडू ठोकून केलेली व आंबट दुधाचा हात देऊन घट्ट केलेली आहे. सारवलेल्या घरात वाढलेल्या वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये.

एकोणिसाव्या शतकात येथे मजुरांची बिऱ्हाडे होती. घर मोडकळीस आले, तेव्हा मालक असलेल्या चर्चनेच ते पाडण्याचे ठरवले होते. येथे राहणाऱ्या एका वृद्धेला अखेरपर्यंत राहू दिल्यामुळे ते काम लांबले. पुढे गावच्या नव्या धर्मगुरूंनी मदतीसाठी धावाधाव केली. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली स्थापन केलेल्या प्राचीन वास्तुरक्षण संस्थेने लक्ष घातले आणि १८९५ मध्ये जन्मलेल्या ट्रस्टने घर ताब्यात घेतले. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या कितीतरी पट होता. त्यासाठी ट्रस्टच्या एक संस्थापक ऑक्टेव्हिया हिल यांनी लोकांकडे वर्गणी मागितली.

काम वास्तुरचनाकार आल्फ्रेड पॉवेल यांच्याकडे होते. त्या काळी जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या वास्तूंना कल्पनेतले 'मूळ रूप' देण्याची चाल होती आणि तिने अनेक चर्चचे वाटोळे केले होते. येथे तो मोह टाळला गेला. उरले आहे तेवढे सांभाळायचे, हरपलेले कल्पनेने घडवायचे नाही, असे धोरण ठरले. हिल यांचा या बाबतीतला हट्ट, आमच्या मते, त्या १० पौंडांपेक्षा मोलाचा होता.

दालनातील एका तुळईवर ओकचे पान कोरलेले आहे. ट्रस्टचे बोधचिन्ह त्यावरूनच सुचले, असे सांगितले जाते. गवत मात्र जुने नाही. ऊनपावसाने ते झिजते, आढ्यावरचा भाग तर सर्वांत आधी, आणि शाकारणी पुन्हापुन्हा करावी लागते.