वर्धेखालचा बर्फ

कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी उभे राहा. पाठीशी विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ, समोर नदीपलीकडे वर्धा जिल्हा. 1960 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षितांनी इथली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, खणली, तेव्हा सातवाहनकाळाचे आणि त्याही आधीचे थर उघडे पडले. पुराणकथेतल्या रुक्मिणीच्या या माहेराला एवढं वय पुष्कळ झालं. तुम्हाला मात्र पाण्यासोबत पुढं आणि काळात फार मागं जायचंय.

पुलगाव सुटलं. पायाखालचा काळा पाषाण लाल होऊन वाहू लागला, म्हणजे तुम्ही 6.6 कोटी वर्षं मागं आलात. इथं रेंगाळू नका. वणी ओलांडा, घुगूसकडे या, जिथं पैनगंगा वर्धेला मिळते. आता सुमारे 30 कोटी वर्षं मागं पोचलात. हात आखडतील अशी थंडी आहे.

हिमालय अजून जन्मायचाय. भारत अंटार्क्टिकाला चिकटून दक्षिण ध्रुवाच्या बाजूला पडलाय. तुमच्या डोक्यावर बर्फाचा जाड थर आहे आणि तो सरकतोय. त्याच्या तळाशी रुतलेले धोंडे खालच्या चुनखडकावर घासत जातात. त्या घासण्याच्या समांतर रेघा इरई गावाजवळ पैनगंगेच्या पात्रात टिकून राहिल्या. फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकानं 1875 मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. विदर्भातल्या उन्हात उभं राहून बर्फाची खूण ओळखणं ही लहान गोष्ट नव्हे.

आता बर्फ मागं हटतो, आणि खरी धावपळ सुरू होते. समोर उघडी दरी. उतारांवर धोंडे, खडी, पिठासारखी बारीक माती, सगळं सुटं. धरून ठेवायला मुळं नाहीत. गवत तर पृथ्वीवर अजून कुठंच नाही. पहिल्या उन्हाळ्याचं वितळपाणी हे सगळं उचलतं आणि पेलवेना म्हणून थोड्या अंतरावर टाकून देतं. आपल्याच गाळानं अडलेली नदी दहा धारांनी फुटते. हिमनदीनं युगानुयुगं कोरलेली दरी बर्फ गेल्यावरच्या पहिल्या काळात सर्वांत वेगानं भरते, कारण नदीला खडक फोडावा लागत नाही. तयार माल उतारावर पडलेला असतो. जून 2013 च्या पुरात केदारनाथवर जे दगड-गोटे कोसळले, त्यांत चोराबारी हिमनदीनं मागं ठेवलेला असाच सुटा माल होता. हिमालयात बर्फ मागं सरतोय तिथं, तुम्ही इथं पाहत आहात तेच आज चालू आहे.

पुढं एक तळं आहे, करड्या पाण्याचं. काठाशी बसा. तरंगणारा हिमखंड वितळतो आणि त्यातला धोंडा डुबुक्कन तळाच्या मऊ चिखलात बसतो. तो तिथंच राहील, त्या चिखलापासून बनलेल्या बारीक शेलच्या थरात एकटाच. हा शेल फिकट हिरवट असतो. त्यातल्या वाळूत फेल्डस्पारचे कण न कुजता राहिलेले दिसतात; थंडीत खडक फार हळू कुजतो. या थरांना ओडिशातल्या तालचेरचं नाव मिळालंय.

दरी भरली की गाळ थांबायला हवा. इथं थांबला नाही, कारण तळ भ्रंशांवरून खचत राहिला आणि जागा होत गेली. हवा उबदार झाली. नद्यांनी वाळू आणली, पाणथळ जागी जिभेसारख्या पानांचं ग्लॉसोप्टेरिसचं रान माजलं. झाडं पडत गेली, चिखलाखाली दबली. माजरी, घुगूस, बल्लारपूरच्या खाणींतून निघतो तो कोळसा हाच, आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळतो तोही.

वर्धा खोऱ्यात कोळशासाठी विंधण घेताना वाळूखडक आणि कोळसा संपून हिरवट शेल आणि गोट्यांचा थर लागला, की त्याखाली कोळसा मिळायचा नाही हे कळतं. बर्फानं टाकलेला माल आला.