तीन शेराला उणा

आजीच्या तागडीत एका पारड्यात मिरच्या असत आणि दुसऱ्यात लोखंडी गोळा. बेलफळाएवढा, गंजून काळा पडलेला. गिऱ्हाइकाला ती तो तीन शेर म्हणून सांगे. गोळा तीन शेराला जरा उणा आहे हे तिला ठाऊक होतं आणि गिऱ्हाइकालाही. म्हणून माप झालं की ती वरून मूठभर मिरच्या टाकी आणि म्हणे, “हे गोऱ्याचं देणं.”

गोऱ्याचं देणं म्हणजे काय, हे लहानपणी कधी विचारावंसं वाटलं नाही. आजोळ असईपासून हाकेच्या अंतरावर. तिकडच्या शिवारात पाऊस पडून गेला की पोरं शिशाच्या गोळ्या वेचायची आणि त्यांनी गोट्या खेळायची. हा मोठा गोळा आजीच्या सासऱ्याच्या नांगराला लागला होता. तेव्हा तो भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली.

आजी सांगायची ती गोष्ट अशी. शिंद्यांचा कंपू गावाजवळ उतरला. तोफा ओढायला बैल कमी पडले म्हणून घराघरांतून बैल आणि माणसं वेठीला धरली. आपला एक आजा दोन बैल घेऊन गेला. मोठी लढाई झाली, टिपू सुलतान पडला, आणि तिसऱ्या दिवशी आजा एकच बैल घेऊन परत आला. त्यानंतर त्याला काही ऐकू आलं नाही.

शाळेत इतिहास शिकवायला लागलो तेव्हा मी ही गोष्ट निकालात काढली. टिपू पडला १७९९ साली, श्रीरंगपट्टणला. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. आजीच्या गोष्टीत चार वर्षं आणि पाचसातशे मैल इकडचे तिकडे झाले होते. अशा गोष्टीवर मास्तराने कसा विश्वास ठेवायचा?

गेल्या सप्टेंबरात एका ओळखीच्या गृहस्थांनी निरोप दिला की स्कॉटलंडहून एक बाई आल्या आहेत, त्यांना असई पाहायची आहे, जरा सोबत जाल का. सत्तरीच्या आतबाहेरच्या, ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. आधी त्या आमच्या शहरातल्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, छावणीतल्या दफनभूमीत जाऊन आल्या होत्या. गोरा सोल्जर म्हटला की लोक तिथेच पाठवतात. पण ती छावणी असईच्या नंतरची. त्यांचा माणूस तिथे कसा सापडणार? शिवाय तो इथे मेलाच नव्हता.

फुलंब्री-सिल्लोड-भोकरदन रस्त्याने जाताना त्यांनी आपली हकीकत सांगितली. त्यांच्याही घरात एक आजी होती, आणि तीही सांगायची की आपला एक पूर्वज वेलिंग्टनच्या हाताखाली वॉटर्लूला लढला. बाईंनी शोध सुरू केला तो उलटा, अलीकडून पलीकडे. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८५५ पासूनची. त्याआधी जनगणना. १८५१ च्या जनगणनेत तो म्हातारा सापडला. धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, चेल्सी पेन्शनर. म्हणजे लंडनच्या चेल्सी हॉस्पिटलकडून निवृत्तिवेतन घेणारा जुना शिपाई. तो धागा धरून त्या लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात गेल्या आणि त्याचा सुटीचा कागद हाती लागला. पलटण ७४ वी हायलँडर. ही पलटण वॉटर्लूला नव्हतीच. जखम कुठे झाली, तर असई.

“आज्यांना मोठ्या लढाया आवडतात,” त्या म्हणाल्या. मी काही बोललो नाही. मला टिपू आठवला.

कागदाची नक्कल त्यांच्याजवळ होती. जन्माचा पॅरिश पेस्ली, धंदा विणकर, उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, डाव्या मांडीत गोळी. मी म्हटलं, “ही तर चेहरेपट्टी!” आणि मग अर्धा तास त्यांना तो शब्द समजावत बसलो. मोगल फौजेत शिपाई नोंदवताना त्याचं नाव, बापाचं नाव, वर्ण, कपाळ, भुवया, नाक, अंगावरचे व्रण असं सगळं लिहून घेत. घोड्याचा रंग आणि त्याच्यावरचा डागही लिहीत. माणूस बदलून भलताच पगार उचलून नेऊ नये, हा हेतू. त्या कागदाचं नाव अर्ज-ओ-चेहरा. शाहजहान-औरंगजेबाच्या काळातली अशी कागदपत्रं एकेकाळी आमच्याच शहरात, किल्ले अर्कात होती. पुढे ती हैदराबादला गेली. आज आपण लग्नाच्या स्थळाबद्दल बोलताना ‘चेहरेपट्टी’ म्हणतो, पण शब्द पगाराच्या वहीतून आला.

पॅरिशच्या वहीत त्यांना जे सापडलं ते मात्र सरकारी नव्हतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाच्या नावाबरोबर आईचं माहेरच्या आडनावासकट नाव होतं. तिकडे ती जुनी रीत. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं. “त्यामुळे एकाच गल्लीत एकाच नावाचे पाच जण,” त्या वैतागून म्हणाल्या. हे दुखणं मला समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमच्या घरात एकाआड एक पिढी एकच नाव फिरतंय. आईच्या माहेरच्या नावानेच त्यांनी पाचांतून आपला माणूस निवडला. आणि गंमत म्हणजे जग आपल्या कोयरीला त्या विणकराच्या गावाचं नाव देऊन बसलंय. आदल्या दिवशी शहरात त्यांनी हिमरूची शाल घेतली होती, तिच्यावरही कोयऱ्याच.

भोकरदन मागे पडलं. केळना आणि जुई या दोन नद्या इथे जवळ येतात आणि त्यांच्या बेचक्यात असई आहे. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज केळनेच्या पलीकडे पसरली होती. कवायती पलटणी पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली, आणि जवळजवळ शंभर तोफा. पुढे वेलिंग्टन झालेला वेलस्ली अलीकडे होता. वाटाडे म्हणाले, उतार नाही. त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. काठावर समोरासमोर गावं असतील तर लोकांचं येणंजाणं असणार, आणि येणंजाणं असेल तर उतार असणारच. एवढ्या अंदाजावर त्याने फौज नदीत घातली. ७४ वी पलटण उजवीकडे भरकटली आणि थेट असई गावातल्या तोफांच्या तोंडी गेली. तिचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा घायाळ झाले. संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. त्या धुमश्चक्रीत वेलस्लीच्या बरोबर तेवीस वर्षांचा आणखी एक स्कॉटिश होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन; पुढे तोच मुंबईचा गव्हर्नर झाला.

एका बाजूचे अठरा बेपत्तासुद्धा मोजलेले. दुसऱ्या बाजूच्या ठार झालेल्यांचा आकडा मात्र अंदाजाचा, बाराशेच्या आसपास, आणि तोही जिंकणाऱ्याने मांडलेला. वेठीची माणसं तर त्या अंदाजातही नाहीत.

मामा ओट्यावर वाट बघत होते. पंच्याऐंशी पार केलेले, आजीचा हा एकच मुलगा उरलेला. चहा झाला. बाईंनी कागद उलगडला, मी एकेक रकाना मराठीत सांगत गेलो. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

“त्याला पगार किती व्हता?”

“दिवसाला एक शिलिंग.”

“म्हनून कागद हाय,” मामा म्हणाले. “आपला आजा वेठीला गेला. वेठीला कुठं आली हजेरी? कागद नाही, पर नाव तर हाय.”

“कोणतं नाव?”

“आरं, आपल्या घराला गाव काय म्हनतं?”

गाव आमच्या आजोळच्या घराला ‘भयऱ्याचे’ म्हणतं. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मतदानात, जत्रेच्या वर्गणीत, भयऱ्याचे इतके, भयऱ्याचे तितके. मी ते साठ वर्षं ऐकत आलो. घरात बहिरं कुणीच नाही, तरी हे नाव कुठून चिकटलं, याचा विचार केला नव्हता. शंभर तोफांजवळ दिवसभर बैल धरून उभा राहिलेला माणूस बहिरा झाला, आणि गावाने त्याची तेवढीच एक खूण नोंदवून ठेवली. टिपूचं चुकलं असेल. कानाचं बरोबर होतं. आजीच्या गोष्टीतला सगळ्यात साधा भाग तोच खरा निघाला, आणि मी नेमका तिच्या राजाला धरून बसलो होतो.

मामांनी दाराआडून गोळा काढला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, हा कुणाच्या तोफेतला? ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. समोरच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा होता, तिथे नेऊन ठेवला. दोन किलो सहाशे दहा ग्रॅम. सहा पौंडी गोळा नवाकोरा असताना पावणेतीन किलोच्या आत असतो. राहिलेलं गंजाने खाल्लं. आजी गिऱ्हाइकाला ज्याची भरपाई करत होती ते हेच.

निघताना बाईंनी वही काढली. भयऱ्याचे, हे नाव त्यांना अक्षर न् अक्षर विचारून लिहून घ्यायचं होतं. मी उच्चार सांगितला, त्यांनी तो त्यांच्या लिपीत उतरवला, खाली तारीख टाकली, पुढे लिहिलं, ‘शिंद्यांच्या तोफांचे बैल’. सव्वादोनशे वर्षांत आमच्या माणसाचं नाव पहिल्यांदाच कागदावर चढत होतं, आणि लिहीत होती ती समोरच्या फौजेतल्या शिपायाची नात.

मामा तिच्या खांद्यावरून वहीत डोकावत होते.

“नीट लिहा म्हनावं,” ते मला म्हणाले. “दोन बैल नेले व्हते, एकच आला. एक बैल बाकी हाय.”