बांध आणि उघाडी

नागपूरच्या नंदनवनांत राहणाऱ्या माणसानें समुद्रावर लिहावें, हें वाचकांस जरा विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु ता. २३ सप्टेंबर २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतरच्या पावसानें अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें, आणि तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून राहिला आहे. पाण्याला भिंत घातली म्हणजे पाणी जातें कोठें? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर मुंबई बेटाच्या इतिहासासारखें बोधप्रद स्थळ महाराष्ट्रांत दुसरें नाहीं.

आजची मुंबई मूळची एक नव्हे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम अशीं तीं सात लहान बेटें. पोर्तुगीजांकडून १६६१ च्या विवाहकरारानें तीं इंग्लंडच्या राजाकडे आलीं, आणि १६६८ सालीं सालीना दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन झालीं. या बेटांच्या मधून भरतीचें पाणी आंत शिरे. सर्वांत मोठें खिंडार महालक्ष्मी व वरळी यांच्यामध्यें होतें. तेथून आलेलें उधाण भायखळ्याच्या बाजूपर्यंत पसरे. पायधुणी हें नांवही त्याच काळचें, तेथील ओहळांत पाय धुवावे लागत म्हणून पडलें, असें सांगतात. ओहोटी लागली कीं मागें उरे तें खाजण, म्हणजे चिखल, तिवरें आणि खारें पाणी. कंपनीच्या नोकरांस ती दलदल ज्वराचें माहेरघर वाटे. समुद्राला मात्र ती आपली ओसरी होती.

हें खिंडार बुजविल्याचें श्रेय १७७१ ते १७८४ पर्यंत गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबी यास देतात. विलायतेच्या संचालकांनीं खर्चास नकार दिला असतां त्यानें तो गुंडाळून ठेविला व बांध पुरा केला, अशी कथा आहे. ती सर्वच अभ्यासकांस मान्य नाहीं, कारण खिंडार बंद करण्याचे प्रयत्न त्याच्या पुष्कळ आधींपासून चालूं होते. दुसरी कथा आपल्या लोकांची. बांध पुनःपुन्हा ढांसळूं लागला, तेव्हां रामजी शिवजी या पाठारे प्रभु गृहस्थास स्वप्न पडलें, समुद्रांतून देवीची मूर्ति निघाली आणि मगच बांध टिकला. एका कथेंत यश गव्हर्नराच्या धाडसाचें, दुसरींत देवीच्या कृपेचें. ज्यांच्या होड्या त्या पाण्यांत फिरत ते कोळी मात्र दोहोंतही नाहींत.

बांधानें हित झालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. वरळीस जावयास कोरडी वाट झाली, विस्तीर्ण जमीन मोकळी झाली व तीवर वाढत्या शहराची वस्ती झाली. परंतु समुद्र हटला म्हणून जमीन उंच झाली नव्हती. ती होती तशीच, भरतीच्या रेषेहून खालीं राहिली. पूर्वीं भरतीबरोबर आलेलें पाणी ओहोटीबरोबर निघून जाई. आतां भरती बाहेर थांबली. पण दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून उतरणारें पावसाचें पाणी आंत अडकूं लागलें. जी भिंत समुद्राला आंत येऊं देत नाहीं, तीच पावसाला बाहेर जाऊं देत नाहीं.

कोंकणांतल्या खारजमिनीच्या शेतकऱ्यास हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो बांध घालतो, पण बांधाला उघाडी ठेवितो. भरती आली कीं तिचें दार पाण्याच्याच दाबानें मिटतें, ओहोटी लागली कीं शेतांतलें पाणी तें ढकलून बाहेर पडतें. दार मिटलेलें असतां पाण्यानें थांबावें कोठें, तर शेतांत. आणि भाताचें पीक कांहीं तास पाण्यांत उभें राहूं शकतें. मुंबईच्या बांधालाही पुढें मोऱ्या आणि झडपा झाल्या. पण त्यामागें भात नव्हतें, माणसें होतीं. आणि पाण्याला थांबावयास जी जागा होती, तीच भरून तिच्यावर घरें उभीं राहिलीं.

म्हणून आज हाजीअली, लव्हग्रोव्ह व क्लीव्हलँड बंदर येथें पावसाचें पाणी पंपांनीं समुद्रांत लोटावें लागतें. ज्या परिसरांतलें खिंडार बुजविण्यांत एवढी शक्ति खर्चिली, तेथेंच पाण्यास वाट देण्यासाठीं यंत्रें बसवावीं लागलीं! बांधाच्या उत्तरेस, साष्टींतही धडा तोच. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुखाजवळच्या भरावानें आखडलेल्या मिठी नदीनें आपली जुनी जागा मागून घेतली. शेंकडों माणसें दगावलीं.

समुद्राची पातळी वाढत आहे, तेव्हां किनारे उघडे टाका असें कोणी म्हणणार नाहीं. पण भिंत ही अर्धीच विद्या होय. सागरी किनारा मार्गासाठीं सुमारें १११ हेक्टर भराव झाला. वाटेंतले प्रवाळ २०२० सालीं उचलून दुसरीकडे न्यावे लागले. पुढें वरळीच्या कोळ्यांनीं हट्ट धरिला कीं पुलाच्या खांबांमधील ६० मीटर अंतर होड्यांस अपुरें आहे, तें २०० मीटर करा. अखेर तें १२० मीटर ठरलें. कित्येकांस हा विकासाला घातलेला खोडा वाटला. माझ्या मतें हे लोक नवें कांहीं मागत नव्हते. ते उघाडी मागत होते. हॉर्नबीच्या काळीं ज्यांचा शब्द कोणाच्या कथेंत आला नाहीं, त्यांचा या वेळीं निम्माशिम्मा तरी ऐकला गेला.

आमच्या नाग नदीच्या कांठींही संरक्षक भिंती आहेत. त्यांची उंची किती असावी याची चर्चा मी पुष्कळदां ऐकतों. भिंतीच्या आंतलें पाणी कोठें थांबेल आणि कोणत्या वाटेनें जाईल, हें विचारणारा अजून क्वचितच भेटतो.