दिनविशेष : ५ जुलै १९१६ – पाच विद्यार्थिनींचे कॉलेज

पुण्याजवळच्या हिंगणे येथे ५ जुलै १९१६ रोजी महिला पाठशाळेचे वर्ग सुरू झाले. धोंडो केशव कर्वे यांनी नुकत्याच स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे हे पहिले महाविद्यालय. पटावर विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच.

तोकियोतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती. तिच्यावरून सुचलेली कल्पना त्यांनी डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून मांडली. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी मात्र सक्तीची. पाठ्यक्रमात गृहशास्त्र आणि आरोग्य होते. पदवीचे नावही देशी : ‘गृहीतागमा’, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली ती. कुलपती रा. गो. भांडारकर, कुलगुरू र. पु. परांजपे, पण सरकारी मान्यता नाही. अशा पदवीसाठी मुलीला घरापासून दूर ठेवणे हे त्या काळी पालकांचे मोठेच धाडस होते.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. वैधानिक मान्यता १९५१ मध्ये आली. आज येथे कला, वाणिज्य, गृहविज्ञान, परिचर्या, ग्रंथालयशास्त्र आणि तंत्रज्ञानही शिकवले जाते.